मोती निराळा, काच निराळी

“सासूबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू निघालाय. दिवाळीपर्यंत पिकला की काढून टाकू म्हणतोय,” असं एका भगिनीनं पत्रात लिहिलं आहे. मैत्रिणींनो, वाचून मी धसकलेच! दोन्ही नावांत ‘बिंदू’ आहे म्हणून ही दुखणी सख्ख्या बहिणी समजू नका.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढुळणं. शस्त्रक्रियेत ते काढून कृत्रिम भिंग बसवतात आणि बहुधा छान दिसू लागतं. तो पिकायची वाट पाहणं हीसुद्धा आता जुनी गोष्ट झाली.

काचबिंदूत काढण्याजोगं काही नसतंच. डोळ्याच्या आतलं पाणी नीट निचरत नाही, बहुधा दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस हळूहळू सुकत जाते. बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेचं दिसेनासं होतं, समोरचं मात्र स्वच्छ! सासूबाई तांदळातले खडे अचूक वेचतील आणि बाजूच्या पाटाला ठेचकाळतील. गेलेली नजर परत येत नाही. रोजच्या थेंबांनी, कधी लेसर वा शस्त्रक्रियेनं, उरलेली राखता येते. तेव्हा ‘बरं वाटतंय’ म्हणून थेंब आपल्या मनानं बंद करायचे नाहीत हं!

आणखी एक. हे दुखणं रक्ताच्या नात्यात आढळतं. तुमचे यजमान, नणंद चाळिशीला आले असतील, तर चष्म्याच्या नंबरावर भागवू नका. नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांचा दाब आणि मागची नसही तपासून घ्या. सासूबाईंना मात्र याच आठवड्यात न्या.