माप घेऊन शिवलेली सायकल

कस्टम सायकल म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, असं वाटतं ना? मग पुण्यात सेनापती बापट रोडचा चढ रोज चढणाऱ्याला विचारा. पुढे ४४ दाते, मागे १६ असतील तर पायडलच्या एका फेरीत चाक पावणेतीन वेळा फिरतं. सपाटीवर झकास, चढावर गुडघ्यांची वाट! मागे २२ दात्यांचं फ्रीव्हील टाका, आकडा थेट दोनवर. साखळी थोडी लांब लागते, खर्च मात्र किरकोळ. माझी फ्रेम मापाची, ती तशीच राहिली. बाकी सगळं बदलत गेलं. पूर्ण लांबीचे मडगार्ड आले (शर्टाच्या पाठीवरची चिखलाची रेघ मीटिंगमध्ये सगळ्यांना दिसते हो!), लॅपटॉप पाठीवरून कॅरियरवर गेला. सीटची उंची तेवढी अजून जमत नाहीये. या आठवड्यात पाच मिलिमीटर वर.