ग्रंथकारांचीं चरित्रें कशीं वाचावीं?

एखाद्या विद्यार्थ्यास त्याच्या आवडत्या ग्रंथकाराविषयीं विचारावें, तर तो जन्मसाल, मृत्युसाल व चार पुस्तकांचीं नांवें धडाधड म्हणून दाखवितो. परंतु त्यांपैकीं एखादें पुस्तक वाचलें आहे काय, असें विचारतांच खालीं पाहूं लागतो. दोष सर्वस्वीं त्याचा नाहीं. परीक्षेपुरता सारांश मार्गदर्शिकेंत मिळतो आणि आतां तर मोबाइलवरही मिळतो. तथापि हा क्रम उलटा आहे असें माझें मत आहे. आधीं ग्रंथ वाचावा, त्याची गोडी लागावी, आणि मग तो लिहिणारा मनुष्य कसा जगला हें जाणण्याची इच्छा आपोआप व्हावी. मला प्रिय असलेल्या दोन ग्रंथकारांच्या उदाहरणानें हें स्पष्ट करितों.

पहिल्या लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६). त्यांस शाळा ठाऊक नव्हती. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पति रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याकडून. अशा बाईंचें ‘स्मृतिचित्रें’ हें आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालें व मराठींतील उत्तम गद्यांत त्याची गणना आजही होते. याचें कारण पांडित्य नव्हे; जें घडलें तें जसेंच्या तसें, हंसत हंसत सांगण्याची हातोटी हें होय. वडिलांच्या कडक सोवळ्याचा जाच झाला, तोही त्या विनोदानें सांगतात. १८९५ सालीं टिळकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हां त्यांच्यावर आकाश कोसळलें. कांहीं वर्षें लहान मुलासह त्या पतीपासून वेगळ्या राहिल्या व पुढें परत आल्या. हें सारें लिहितांना त्यांनीं कोणास दूषणें दिलीं नाहींत, कीं स्वतःची कींव केली नाहीं. १९१९ सालीं टिळक वारले व त्यांचें ‘ख्रिस्तायन’ काव्य अपुरें राहिलें. तें पुढें नेण्याचें काम याच बाईंनीं हातीं घेतलें.

थोरांचे दोष मुलांस कशाला सांगावे, असें कित्येक पालक विचारतात. ‘स्मृतिचित्रां’तील टिळक शीघ्रकोपी आहेत, हातीं आलेला पैसा परक्यास देऊन घरीं रित्या हातानें येणारे आहेत. तरीही पुस्तक मिटतांना त्यांच्याविषयींचा आदर वाढलेलाच असतो. दोष गाळून केलेल्या चरित्रास मुलें दुरून नमस्कार करतात. मनुष्य जसा होता तसा दाखविला, म्हणजे आपणही कांहीं करूं शकूं असें त्यांस वाटूं लागतें.

दुसरे ग्रंथकार तर आपल्या ठाण्याचेच: विनायक लक्ष्मण भावे (१८७१–१९२६). शिक्षण विज्ञानाचें, परंतु ओढ जुन्या मराठी कवितेची. ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास त्यांनीं लिहिला. त्यासाठीं जुन्या पोथ्या धुंडाळणें व ताडून पाहणें हें काम किती चिकाटीचें असेल, याची कल्पना त्या ग्रंथाचीं चार पानें चाळलीं तरी येते. आपल्या शहरांतील मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजीं स्थापन झालें, त्यांत त्यांचा पुढाकार होता. तेव्हां त्यांचें वय अवघें एकवीस वर्षांचें होतें! आपल्या वरच्या वर्गांतील मुलांहून ते चार-पांच वर्षांनींच मोठे होते, हें त्या मुलांनीं ध्यानांत घ्यावें.

विद्यार्थिमित्रहो, एका बाईंस शाळा मिळाली नाहीं, तरी त्यांनीं भाषा कमावली. एका तरुणानें स्वतःपुरतीं पुस्तकें न जमवितां सर्वांसाठीं तीं खुलीं केलीं. तुम्हांस शाळाही आहे व ग्रंथसंग्रहालयही आहे. पालकांस नम्र विनंती इतकीच, कीं यंदां दुसरी मार्गदर्शिका विकत घेण्यापूर्वीं मुलास त्या ग्रंथसंग्रहालयाचा सभासद करावें, आणि त्यानें आणलेलें पहिलें पुस्तक आपणही त्याच्यासवें वाचावें.