विश्लेषण : पोकरमध्ये मोठ्या टेबलावर बसण्याची पात्रता कशी ठरते?

पोकरमध्ये दोन-चार महिने सलग पैसे मिळाले, की अनेक तरुण खेळाडू एकच गणित मांडतात : दहापट पैसे लावले तर दहापट कमाई. मात्र पोकरमध्ये हे त्रैराशिक चालत नाही. मोठ्या टेबलावर जाण्यासाठी नेमके काय यावे लागते आणि भारतात त्याचा उपयोग किती?

छोट्या टेबलावरचे यश पुरेसे का नाही?

छोट्या टेबलावरची कमाई बहुतेकदा इतरांच्या चुकांमधून येते. हातात काही नसताना पैसे लावत राहणारे तिथे पुष्कळ असतात. त्यामुळे चांगली पाने येईपर्यंत थांबले तरी भागते. मोठ्या टेबलावर अशी माणसे कमी भेटतात आणि समोरचा तुमच्या सवयी हेरून खेळतो.

तिथे प्रत्येक निर्णयामागे हिशेब लागतो. समजा, पॉटमध्ये ६,००० रुपये आहेत आणि प्रतिस्पर्ध्याने आणखी ३,००० लावले. आता ३,००० भरून १२,००० च्या पॉटवर दावा सांगायचा, तर किमान २५ टक्के वेळा जिंकायला हवे. तुमच्याकडे बदामाची चार पाने जमली आहेत, पाचवे हवे आहे आणि एकच पान उघडायचे बाकी आहे. न दिसलेल्या ४६ पानांत बदामाची ९ आहेत, म्हणजे शक्यता जेमतेम २० टक्के. बदाम आल्यावर समोरून आणखी पैसे निघतील असे वाटत नसेल, तर पाने टाकून देणेच शहाणपणाचे.

किती डावांनंतर कौशल्य दिसते?

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘क्लॉडिको’ या संगणक प्रणालीविरुद्ध २०१५ मध्ये चार व्यावसायिक खेळाडू ८०,००० डाव खेळले. माणसे पुढे राहिली, तरी संशोधकांनी निकाल संख्याशास्त्राच्या दृष्टीने बरोबरीचा मानला. २०१७ मध्ये ‘लिब्राटस’ या नव्या प्रणालीसाठी १,२०,००० डाव ठेवले गेले आणि तेव्हा यंत्राचा विजय निर्विवाद ठरला.

आता सामान्य खेळाडूचे पाहू. तो दर १०० डावांमागे सरासरी ५ बिग ब्लाइंड कमावतो आणि प्रमाण विचलन, म्हणजे चढउतार, ९० बिग ब्लाइंडचे आहे असे धरू. १०,००० डावांनंतरही हा चांगला खेळाडू तोट्यात असण्याची शक्यता सुमारे २९ टक्के निघते. हेच उलटही खरे : सुमार खेळाडू तेवढ्याच डावांनंतर नफ्यात दिसू शकतो. कॅसिनोत तासाला २५ डाव होतात असे धरले, तर १०,००० डावांना ४०० तास लागतात. दोन-चार शनिवार-रविवारच्या कमाईवर पात्रता ठरवणे म्हणूनच धोक्याचे.

खाली उतरणे का महत्त्वाचे?

२००० चा ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ विजेता ख्रिस फर्ग्युसन याने शून्यापासून सुरुवात करून १०,००० डॉलरपर्यंत मजल मारून दाखवली. हा प्रयोग त्याच्याच कंपनीच्या संकेतस्थळावर झाला, त्यामुळे त्यात जाहिरातीचा भाग होताच. पण त्याचे नियम उपयोगाचे आहेत. रोख खेळात एकूण पुंजीच्या ५ टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊन बसायचे नाही. समोरची रक्कम पुंजीच्या १० टक्क्यांवर गेली, की उठायचे. पुंजी घटली, की ५ टक्क्यांची मर्यादाही घटते आणि आपोआप छोट्या टेबलावर यावे लागते.

अवघड आहे ते हेच. हरल्यावर रागाने मोठे पैसे लावण्याला पोकरच्या भाषेत ‘टिल्ट’ म्हणतात. ज्याला मुकाट खाली उतरता येत नाही, त्याने वर चढू नये.

भारतात ही शिडी आहे का?

ऑनलाइन तरी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात नाही. जवळचा कायदेशीर पर्याय म्हणजे गोव्यातील कॅसिनो.

तिथे प्राप्तिकराचे गणित आडवे येते. पत्त्यांच्या खेळातील जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर लागतो आणि हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही. एकदा १,००,००० जिंकले आणि दुसऱ्यांदा ८०,००० हरले, तर हातात २०,००० उरतात; कर मात्र ३०,०००. जिंकूनही १०,००० चा तोटा! कॅसिनो घेते तो वाटा वेगळाच.

पोकरमध्ये कौशल्य आहे, यात शंका नाही. शक्यतांचा हिशेब, निकालांची प्रामाणिक नोंद आणि हार पचवण्याची सवय यांना कुठेही किंमत आहे. पण नोकरी सोडून किंवा कर्ज काढून मोठ्या टेबलाकडे निघालेल्याने आधी हेच गणित स्वतःच्या आकड्यांवर करून पाहावे. ते नीट जमणारा बहुधा त्या टेबलावर बसणारच नाही.