चेस्टरफील्ड सोफा: नाव उमरावाचे, टाका कारागिराचा

१/ खोल बटणांचा, चामडी चेस्टरफील्ड सोफा चौथे अर्ल ऑफ चेस्टरफील्ड, फिलिप स्टॅनहोप यांनी प्रथम बनवून घेतला, ही कथा आजही निःशंकपणे सांगितली जाते. ती इतिहास नव्हे, दंतकथा आहे. तिला समकालीन कागदाचा आधार नाही आणि खुद्द सोफाच तिच्याविरुद्ध साक्ष देतो.

२/ अर्ल निवर्तले १७७३ मध्ये. बैठकीतील सर्पिल स्प्रिंगचे पेटंट व्हिएन्नाच्या गेओर्ग युनिगल यांना मिळाले १८२२ मध्ये. स्प्रिंगवरची जाड, फुगीर बैठक एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. मधले अर्धशतक कथाकार सोयीस्करपणे विसरतात.

३/ ‘बैठकीवर टाके तर अठराव्या शतकातही होते’, हा बचाव तोकडा आहे. ते टाके उथळ असत, वर लहानसे गोंडे असत. चेस्टरफील्डचे खोल शंकरपाळे ही निराळी आणि नंतरची कारागिरी होय.

४/ ती कारागिरी केवळ शोभेची नव्हे. भरावातील घोड्याचे केस सरकू नयेत म्हणून दोरा आरपार ओवून मागे आवळतात. बटण त्या दोऱ्याला अडवून धरते. बटण खोल गेले की चामडे जादा लागते. ते चुण्यांत मुडपले की शंकरपाळे उमटतात. हातांच्या दर्शनी बाजूवरील खिळ्यांची रांगही चामड्याची कड बसवते.

५/ हे सारे घडवणारे हात अनामिक राहिले आणि श्रेय मात्र उमरावाच्या पदरी पडले. इतिहासाच्या अभ्यासकाने नावाची पाटी नव्हे, टाका वाचावा.