बसमध्ये सवलत, वीजबिलात का नाही?

बेस्टच्या बसमध्ये दिव्यांग प्रवाशाला सवलत आहे. त्याच बेस्टचे वीजबिल त्याच्या घरी येते, तेव्हा घरात दिव्यांग व्यक्ती आहे की नाही याची त्या बिलाला कल्पनाही नसते. उपक्रम एकच आणि माणूसही एकच, मग वागणूक वेगळी का? गिरगावच्या चाळींमध्ये गृहभेटी करताना हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. याचे उत्तर बेस्टच्या मर्जीत नाही, कायद्यात आहे. ते समजून न घेतल्यामुळे आपल्या संघटनांची निवेदने वर्षानुवर्षे चुकीच्या दारात पडतात.

आधी हिशेब पाहू. घरी ऑक्सिजन देणारे पाच लिटरचे कॉन्सन्ट्रेटर यंत्र साधारण 350 वॅटचे असते. ते रोज 16 तास चालले तर महिन्याला 168 युनिट जळतात. मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्या व्यक्तीच्या शरीराला घाम नीट येत नाही, उष्णता बाहेर टाकता येत नाही. तिच्यासाठी पंखा ही चैन नव्हे, तो रात्रंदिवस लागतो. 75 वॅटचा पंखा 24 तास चालला की महिन्याला 54 युनिट होतात. दोन्ही एकाच घरात असतील तर 222 युनिट झाले, आणि यात दिवे, फ्रीज, टीव्ही अजून धरलेलेच नाहीत. शिवाय बॅटरीची व्हीलचेअर, कफ ओढण्याचे सक्शन मशीन, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून लावलेल्या हवेच्या गादीचा पंप, जे ज्या घरात असेल ते.

मुंबईत घरगुती दराचे टप्पे 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे असे आहेत. 101 व्या युनिटपासून दर वाढतो. म्हणजे साध्या घराचा वापर ज्या स्वस्त टप्प्यात मावतो, तो टप्पा इथे एकटे यंत्रच संपवते. महागडा टप्पा जास्त वापरणाऱ्या श्रीमंतासाठी आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात दहा बाय बाराच्या खोलीतला रुग्णही त्यातच बसतो.

दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांसाठी वेगळा स्वस्त दर आहे, पण त्याची मर्यादा महिन्याला 30 युनिटच्या आसपास आहे. दिवसाला एक युनिट. वर सांगितलेला एक पंखाच ती मर्यादा ओलांडतो. दिव्यांग व्यक्ती जितकी आजारी, तितकी ती या सवलतीपासून दूर, अशी ही रचना आहे.

मग पेन्शनमधून भागवा, असे सांगितले जाते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून महिना 2500 रुपये झाले, ही चांगली गोष्ट आहे. पण दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट 50 हजार रुपयांची. महिन्याला चार हजारांच्या थोडे वर. मुंबईत घरातला कुणी सुरक्षारक्षकाची किंवा सफाईची नोकरी करत असेल तर प्रामाणिक दाखल्यावर ही अट बसतच नाही. ज्यांना मिळते त्यांचे औषध आणि डायपर त्यातून निघतात, बिल राहते. वीज कायद्याच्या कलम 56 नुसार थकबाकीदाराला पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन पुरवठा तोडता येतो.

आता मुख्य मुद्दा. वीज दर ठरवतो महाराष्ट्र वीज नियामक आयोग, वीज कायदा 2003 प्रमाणे. कलम 62(3) सांगते की आयोगाने कोणत्याही ग्राहकाला अवाजवी झुकते माप देऊ नये. भेद करता येतो तो एकूण वापर, वेळ, भौगोलिक स्थान, वीज कोणत्या कारणासाठी लागते अशा निकषांवर. ग्राहक कोण आहे, त्याची जात, वय, दिव्यांगत्व हे त्या यादीत नाही. म्हणून बेस्टच्या अधिकाऱ्याला निवेदन देऊन, हार घालून, फोटो काढून काही होत नाही. त्याच्या हातात ते नाहीच.

पण त्याच कायद्यात कलम 65 आहे. राज्य सरकारला कोणत्याही ग्राहकवर्गाला अनुदान द्यायचे असेल तर ते देता येते. अट एकच, ती रक्कम वीज कंपनीला आगाऊ द्यायची. कृषिपंपांना असेच झाले. 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल 2024 पासून मोफत वीज देताना सरकारने आपल्या तिजोरीतून पैसे देण्याचे मान्य केले. यंत्रमागांनाही वीजदरात सवलत मिळते. शेतकरी आणि यंत्रमागधारक यांच्यामागे मतांचे आणि संघटनेचे बळ आहे, चौथ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या माणसामागे नाही. एवढाच फरक.

केरळने हे करून दाखवले आहे. तिथे दारिद्र्यरेषेखालील घरात कर्करुग्ण किंवा कायमस्वरूपी दिव्यांग व्यक्ती असेल तर मर्यादित वापरापर्यंत सवलतीचा दर आहे. घरी जीवरक्षक उपकरण चालवणाऱ्या रुग्णाला डॉक्टरांच्या दाखल्यावर त्या उपकरणापुरती वीज मोफत आहे. 62(3) मधले ‘कारण’ हे निकषच इथे उपयोगी पडते. श्वास चालू ठेवणे हेही वीज लागण्याचे कारणच आहे.

दुसरे हत्यार दिव्यांग हक्क कायदा 2016 चे. कलम 24 म्हणते की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान 25 टक्के जास्त असली पाहिजे. उद्या निवडणुकीच्या तोंडावर महाराष्ट्रात दिल्लीसारखी मोफत युनिटची घोषणा झाली, तर 100 युनिटच्या जागी दिव्यांगांच्या घराला 125 युनिट हा कायद्याचा दावा ठरतो. तो त्याच दिवशी मांडायची तयारी आपण आजच ठेवायला हवी.

घोषणांवर मात्र विसंबू नये. 2020 मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी 100 युनिट मोफत विजेची कल्पना मांडली होती. लॉकडाऊनच्या फुगलेल्या बिलांत सवलतीचेही बोलले गेले. नोव्हेंबरमध्ये बिले भरावीच लागतील असे सांगण्यात आले. मंत्री आपल्या समाजाचे होते म्हणून आपल्यातले अनेक जण तेव्हा गप्प बसले. अर्थसंकल्पात तरतूद नसेल तर कलम 65 कोरडेच राहते, मंत्री कोणीही असो.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि विजेचा विषय त्यांच्याकडे होता. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, दारिद्र्यातून बाहेर पडण्याची ती पूर्वअट आहे, ही भूमिका त्यांनी 1943 मध्ये धोरण समितीसमोर मांडली. त्यांच्या नावाची ‘जीवन प्रकाश’ योजना 2021 मध्ये आली, ती अनुसूचित जाती-जमातींना 500 रुपये अनामत घेऊन जोडणी देणारी. पण ती महावितरणची, बेस्टच्या हद्दीत नाही. आणि जोडणी मिळाल्यावर दर महिन्याचे बिल कोण भरणार, याचे उत्तर त्यात नाही.

गिरगावची एक अडचण वेगळी आहे. पागडीच्या खोलीतला मीटर बहुतेकदा वारलेल्या आजोबांच्या नावावर असतो. पोटभाडेकरूचे बिल मालकाच्या नावावर येते. सवलत मीटरधारकाला द्यायची ठरली तर सून, पोटभाडेकरू, बहिणीकडे राहणारा अंध भाऊ, सगळे बाहेर. म्हणून मागणी करताना ती वैश्विक दिव्यांग ओळखपत्र आणि राहत्या पत्त्याला जोडून करावी, मीटरवरच्या नावाला नव्हे. दिव्यांगत्वाची टक्केवारीही इथे पुरेशी नाही. 90 टक्के अंध व्यक्तीला जादा वीज लागेलच असे नाही, घरी ऑक्सिजन घेणाऱ्या फुप्फुसाच्या रुग्णाला लागते. सूर्यघर योजनेतून फुकट वीज मिळवा असे सांगणाऱ्यांनी एकदा साठ खोल्यांच्या चाळीचे छप्पर कोणाच्या मालकीचे आहे ते पाहावे. आणि पुनर्विकासात टॉवर उभा राहिला की लिफ्टची वीज सोसायटीच्या सामाईक बिलात जाते. ते थकले आणि लिफ्ट थांबली तर व्हीलचेअरवरचा माणूस घरातच अडकतो. या बिलाचा विचार तर कोणत्याच निवेदनात आम्हाला दिसलेला नाही.

कार्यकर्त्यांसाठी काम असे आहे. वस्तीत कोणत्या घरी कोणते यंत्र, किती वॅट, किती तास, याची नोंद करा आणि बारा महिन्यांच्या बिलांच्या प्रती जोडा. निवेदन ऊर्जा विभाग, वित्त विभाग आणि दिव्यांग कल्याण विभाग या तिघांना एकत्र द्या. हा तिसरा विभाग राज्यात डिसेंबर 2022 पासून स्वतंत्र आहे, पण विजेचा प्रश्न आपला आहे असे त्याला वाटायला लावावे लागेल. बेस्टचा दर प्रस्ताव आयोगापुढे येतो तेव्हा लोकांकडून हरकती मागवल्या जातात. तिथे लेखी हरकत द्यायला वकील लागत नाही.