पटावरचे अरण्य मुके का?

संगणकावर युद्धखेळ खेळणाऱ्या मंडळींचा एक लाडका आक्षेप आहे. रानात दडलेला शत्रू दिसत नाही, हा म्हणे अन्याय! सारे काही आधी दिसावे, मग आम्ही डावपेच लढवू! रणांगणाविषयी याहून बालिश कल्पना ती कोणती?

चतुरंग ही भारताची जगाला देणगी, हा अभिमान रास्तच आहे. परंतु त्या ६४ घरांत एक झाड नाही, एक ओढा नाही; प्रतिपक्षाचे प्यादेही नजरेआड होत नाही. ही उणीव भरून काढली प्रशियाने. रायस्विट्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली सेनाधिकाऱ्यांपुढे मांडलेल्या युद्धखेळात चौकटी गेल्या आणि १:८००० प्रमाणाचा नकाशा आला. टेकडीआडची तुकडी ठाऊक फक्त पंचाला. ती शत्रूच्या दृष्टिपथात आली, तरच तिचा ठोकळा नकाशावर. पुढे १९८५ च्या ‘ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’मध्ये दडलेल्या तुकडीवरील माऱ्याचा जोर निम्मा धरला, मात्र तिने शत्रूच्या डोळ्यांदेखत गोळी झाडली की लपणे संपले. किती मार्मिक नियम!

१६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखान सह्याद्री उतरून उंबरखिंडीकडे आला. झाडी त्यालाही दिसत होतीच. दिसले नाहीत ते झाडीतले मावळे. फौज चिंचोळ्या वाटेत पुरती अडकेपर्यंत शिवरायांनी त्यांना थोपवून धरले, मग पुढची वाटही रोखली आणि मागचीही. खानाला सामानसुमान टाकून अभय मागावे लागले. याला कोणी ‘लपून मारणे’ म्हणून हिणवत असेल, तर त्याने मोठी फौज डोळे मिटून खिंडीत का शिरली, याचे उत्तर आधी द्यावे.

खेळ रचणारेही निर्दोष नाहीत. रान म्हणजे बचावाचे काही टक्के, एवढ्यावर कित्येकांचे समाधान होते. दडलेल्याला स्वतःलाही फारसे दिसत नाही, हुकूम वेळेवर पोचत नाही, एकाची उतावीळ साऱ्यांना उघडे पाडते, हे टक्क्यांत कसे मावणार?

आपल्याकडे दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतात. मावळे मात्र बुरुजावर शोभेला! यंदा एखाद्या शाळेने मातीची खिंड करावी. दोन गट दोन खोल्यांत, पंच शिक्षक. खानाच्या बाजूच्या मुलांना मावळे आधी दाखवू नयेत. ती आरडाओरड करतील. खुशाल करू द्यावी.