टेस्टिंगला तुमचाच मोबाइल नंबर कशाला?

डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. चर्चा सगळी परवानगीच्या पॉप-अपची. मला जास्त काळजी टेस्टिंगची वाटते.

तुम्ही ॲपवर ऑर्डर देता तेव्हा मागे एपीआयची साखळी चालते. लॉगिनमधून टोकन मिळतं, ते ऑर्डरला लागतं; ऑर्डरचा आयडी पेमेंटला, पेमेंटचा रिफंडला. ही साखळी आम्ही आपोआप तपासतो, पण सुरुवातीच्या व्हॅल्यू कुणीतरी द्याव्या लागतात: नाव, मोबाइल, पत्ता. सोपा मार्ग म्हणजे खऱ्या ग्राहकांचा डेटा कॉपी करणं. तो वेडावाकडा असतो, त्यामुळे चुका पटकन सापडतात, हे मान्य. पण टेस्ट सर्व्हरचं कुलूप बऱ्याचदा ढिलं असतं आणि लॉग अख्खी टीम वाचते. 2021 मध्ये एचबीओ मॅक्सच्या ग्राहकांना चक्क ‘इंटिग्रेशन टेस्ट ईमेल’ गेला होता. तिथे हसण्यावर निभावलं.

खोट्या व्हॅल्यूंवर काम भागतं. रेझरपेच्या टेस्ट मोडमध्ये ‘सक्सेस@रेझरपे’ हा यूपीआय आयडी दिला की पेमेंट होतं, ‘फेल्युअर@रेझरपे’ दिला की अडकतं. खरा पैसा हलतच नाही. फक्त खोटा डेटा आळशीपणे बनवू नये. सगळीकडे ‘एबीसी’ टाकलं तर देवनागरीतलं नाव, आडनाव नसलेला माणूस, +91 लावलेला नंबर यांवर ॲप कोसळतं का, ते कळणारच नाही.

सुरक्षेत हयगय झाली तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत, आणि टेस्ट सर्व्हरसाठी कायद्यात वेगळी सूट नाही. मुख्य तरतुदी मे 2027 मध्ये लागू होतील. जुन्या कॉपी पुसायला तेवढा वेळ पुष्कळ झाला.